चिंतेच्या चित्रात दुसरं माणूस कुठे आहे?

मामा माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात त्यांची हयात गेली. भाची एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. चिंता मामांना कागदावर आणि लेण्यांच्या भिंतींवर भेटली. भाचीला ती रोज आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकांवर भेटते. कलेनं चिंता खरी दाखवली का, यावर दोघांचा जुना वाद आहे. तो इथे त्यांच्याच शब्दांत.

भाची : मामा, तुमच्या चित्रकारांनी चिंतेचा एक साचाच पाडून ठेवलाय. बाई एकटी, गालाला हात, नजर शून्यात. चिंतेनं पोखरलेली माणसं मी रोज बघते. गालाला हात लावून बसायला त्यांना सवड कुठे असते?

मामा : साचा आहे, मी नाकारत नाही. पण तो उगाच पडलेला नाही. ग्रीक-रोमन शिल्पांत नवऱ्याची वाट पाहणारी पेनेलोपी अशीच बसते. अल्ब्रेख्त ड्यूररनं १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली ‘मेलेन्कोलिया’ घे. पंख असलेली बाई मुठीवर डोकं टेकून बसलीय. आजूबाजूला करवत, रंधा, खिळे पडलेत. हातात कंपास आहे, पण काम थांबलंय. मागच्या भिंतीवर वाळूचं घड्याळ आणि तराजू. आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं त्या आपल्या आज्या? मूल गालाला हात लावून बसलं की दटावायच्या, ‘हात काढ आधी’ म्हणून. ते अशुभ समजायच्या. खूण त्यांनाही कळत होती.

भाची : खूण कळली, पण माणूस कळला का? या पंखवालीला कसला घोर लागलाय?

मामा : त्यावर अभ्यासक अजून भांडतात. त्याच वर्षी मे महिन्यात ड्यूररची आई गेली, एवढं खरं. पण चित्रात आई कुठेच नाही.

भाची : माझी तक्रार तीच आहे. चिंता कुणाची तरी असते, कशाची तरी असते. ते काढून टाकलं की उरते ती बैठक. तुम्ही एकदा आमच्या दाराबाहेर येऊन बसा. मध्ये एक बाई होती, नवरा व्हेंटिलेटरवर. दाखल करताना काढलेल्या त्याच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही तिच्या हातात दिल्या होत्या. बाकाखाली ठेवल्या तर कुणी नेईल म्हणून ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची. फाइलमधले कागद सारखे काढायची, परत लावायची. रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं. मी दिसले की उठून विचारायची, ‘सिस्टर, जेवले का ते?’ नाकातल्या नळीतून अन्न चाललंय हे तिला ठाऊक होतं. तरी रोज विचारायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही हो. सगळी चिंता त्या प्रश्नात होती.

मामा : आणि बाकीचे लोक?

भाची : दार उघडलं की सगळे बाक एकदम उभे राहतात. ज्यांचं नाव पुकारलेलं नाही तेसुद्धा. नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न, ‘तुमचं कोण आहे आत?’ नाव-गाव मागाहून. संध्याकाळपर्यंत डबे इकडचे तिकडे होतात, एकाच्या चार्जरवर चौघांचे फोन लागतात, आणि कुणाला रक्त लागलं तर भलत्याच कुणाचा भाऊ रक्तपेढीकडे पळतो. हे कुठल्या चित्रात आहे?

मामा : आत्ता तू काढलंस त्यात आहे. एवढ्या मोठ्या गर्दीतून तू चपलांची पिशवी उचललीस आणि तो एक प्रश्न उचललास. म्हणून मला ती बाई दिसली. दिवसभराचं सगळं सांगत बसली असतीस तर मी कंटाळलो असतो. निवड करणं हाच कलेचा धंदा आहे, बाळ. त्याला खोटेपणा म्हणू नकोस.

भाची : निवड करा की. पण मी बाकावरची बाकीची माणसं पुसून टाकली नाहीत.

मामा : मग आपल्याच परंपरेत शोधू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, त्यात चिंता आहे. आणि सांगण्याचा क्रम बघ. आधी कारणं. वैभव गेलं, आवडती वस्तू चोरीला गेली, दारिद्र्य आलं. मग खुणा. सुस्कारे, खाली घातलेली मान, आतल्या आत चाललेला विचार, वाळत जाणारं अंग. नटानं नुसती मान खाली घालून भागत नाही. काय गेलंय ते प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे.

भाची : हे पटलं. आम्हीसुद्धा लक्षणं बघण्याआधी हिस्टरी विचारतो.

मामा : आता कालिदास. शाकुंतलाचा चौथा अंक. दुष्यंत राजधानीला गेलाय, शकुंतला पर्णकुटीत त्याच्या विचारात बुडालीय. दुर्वास दाराशी येतो, तिला कळतही नाही. तो शाप देतो. सख्या येऊन पाहतात तर ती डाव्या हातावर गाल टेकवून बसलीय. आणि प्रियंवदा काय म्हणते? चित्रात काढल्यासारखी दिसतेय. चिंतेनं माणूस चित्रासारखा निश्चल होतो, हे कालिदासानं पात्राच्या तोंडून सांगून टाकलं. तुझा साचा त्याच्या काळीही होता आणि त्याला तो पुरता ठाऊक होता.

भाची : पण मामा, त्याच अंकात सख्या काय करतात ते बघा ना! शकुंतलेला शापाचा पत्ताच नाही. प्रियंवदा दुर्वासाच्या मागे धावते, पाया पडते, गयावया करते. खूण दाखवली की शाप उतरेल, एवढं पदरात पाडून घेते. मग दोघी ठरवतात की हे हिला सांगायचं नाही, हिला सोसायचं नाही. चित्रासारखी बसलीय एक आणि चिंता वाहतायत दोघी. अशा सख्या मला रोज भेटतात. आतल्या पेशंटला रिपोर्ट चांगला आलाय म्हणून सांगतात आणि बाहेर येऊन भिंतीला टेकतात.

मामा : म्हणजे कालिदासानं दुसरं माणूस पुसलं नव्हतं.

भाची : त्यानं नाही. पुढच्यांनी सख्या गाळल्या आणि शकुंतला ठेवली.

मामा : सगळ्यांनी नाही गाळल्या. तुला अजिंठ्याला नेतो. सोळावं लेणं. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात कोरवून घेतलेलं. सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर नंदाची कथा आहे. नंद म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ. तो भिक्षू झाला, त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, आणि ते कळताच त्याची बायको सुंदरी कोसळली. लोक त्या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींच्या नकला करत होते. त्यांनी लिहून ठेवलंय की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं रेखाटन याहून सफाईदार केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारानं रंग अधिक चांगले भरले असते, पण यापेक्षा जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता.

भाची : चित्रात काय आहे ते सांगा.

मामा : सुंदरी आसनावर कलंडलीय. मान झुकलीय, डोळे अर्धे मिटलेत, बोटांत जीव नाही. मागून एक दासी तिला सावरून धरतेय. एक पंख्यानं वारा घालतेय. एक खाली बसून तिचं मनगट हातात धरून तिच्या तोंडाकडे बघतेय. दारातून एक म्हातारा डोकावतोय.

भाची : मनगट धरलंय?

मामा : हो.

भाची : मग ती नाडी बघतेय, मामा. नसेल बघत तरी हात तसाच जातो. माणूस हातचं चाललंय असं वाटलं की न शिकलेलं माणूससुद्धा मनगट धरतं. आमच्याकडे भेटीच्या वेळेत प्रत्येक जण तेच करतो. आणि सुंदरीचा चेहरा तर विझलेला आहे. चिंता आहे ती तिच्याभोवतीच्या बायकांच्या चेहऱ्यावर. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माझा वॉर्ड काढून ठेवलाय. मग पुढे तो एकटा चेहरा कुठून आला?

मामा : तुझ्या मनात मुंक आहे.

भाची : हो, ‘किंकाळी’. आज चिंता म्हटलं की जगाला तोच चेहरा आठवतो. मोबाइलवर गालाला दोन्ही हात लावून ओरडणारा तो निळसर चेहरा आमच्या ग्रुपवर रोज दहा वेळा येतो. डबा विसरला तरी तोच, ड्युटी बदलली तरी तोच. त्याची पेस्टलमधली एक आवृत्ती २०१२ साली जवळजवळ बारा कोटी डॉलरला गेली म्हणे. चिंतेला इतकी किंमत आणि इतकी स्वस्ताई एकाच वेळी आली.

मामा : नकलांचा दोष मूळ चित्राच्या माथी मारू नकोस. एडवर्ड मुंकनं ते १८९३ साली काढलं. तो दोन मित्रांबरोबर फिरायला निघाला होता. सूर्य मावळताना आभाळ लालभडक झालं. मित्र पुढे चालत राहिले, हा भीतीनं थरथरत कठड्याशी थांबला आणि निसर्गातून आरपार गेलेली किंकाळी त्याला जाणवली, असं त्यानंच लिहिलंय. चित्र नीट बघ. डावीकडे पुलावर ते दोघे अजून आहेत. पाठमोरे. तू म्हणतेस तसं दुसरं माणूस इथे पुसलेलं नाही, ते पुढे निघून गेलंय. त्या चित्राचा सगळा जीव त्या दोन पाठमोऱ्या आकृत्यांत आहे.

भाची : त्यांच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नाही.

मामा : कारण मोबाइलवरच्या चेहऱ्यात त्या नाहीत. पुढच्याच वर्षी, १८९४ ला, त्यानं ‘चिंता’ नावाचं चित्र काढलं. तोच पूल, तसंच आभाळ. या खेपेला गर्दी आहे. फिक्या चेहऱ्यांची माणसं समोरून चालत येतायत आणि एकही जण दुसऱ्याकडे बघत नाही. आणि आता मी तुला एक विचारतो. छातीत धडधडतंय, घाम फुटलाय, जीव घाबरा झालाय म्हणून रात्री येणारे आणि ईसीजी चांगला निघणारे पेशंट तुमच्याकडे येतात ना?

भाची : पुष्कळ. तरणी मुलं जास्त.

मामा : त्यांना घरचे काय म्हणतात?

भाची : ‘काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’ आणि घरी घेऊन जातात.

मामा : भरताची कारणांची यादी त्यांना लागू पडत नाही. वैभव गेलेलं नाही, चोरी झालेली नाही. बाकावरचे डबे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण ‘तुमचं कोण आहे आत’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. आत तेच असतात. मुंक त्यांचा चित्रकार आहे. त्याची आई तो पाच वर्षांचा असताना क्षयानं गेली, मोठी बहीण सोफी पुढे त्याच रोगानं गेली, दुसरी बहीण लॉरा मनोरुग्णालयात होती. ‘किंकाळी’च्या रंगांवर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत एक शेरा आहे, की असलं चित्र वेडाच काढू जाणे. कुणा टवाळाचं काम असेल असं लोक समजत. नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०२१ मध्ये तपासून सांगितलं की अक्षर मुंकचंच आहे. लोकांनी त्याच्या डोक्यावर शंका घेतली होती, ती त्यानं चित्रावरच नोंदवून ठेवली.

भाची : त्या मुलांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांच्या एकटेपणाचं चित्र हवंच. पण एकटेपणाचं चित्र म्हणजे चिंतेचं एकमेव चित्र, असं झालंय त्याला माझा विरोध आहे.

मामा : मुंकचाही असता. त्याचं ‘आजारी मूल’ पाहिलंयस का? १८८५-८६ मध्ये त्यानं ते पहिल्यांदा रंगवलं आणि पुढच्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा रंगवलं, एकूण सहा वेळा. उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी. शेजारी बसलेल्या बाईनं मान इतकी खाली घातलीय की तिचा चेहरा दिसतच नाही. आणि चित्राच्या मध्यभागी दोघींचे हात. कुठला कुणाचा ते ओळखू येऊ नये इतके एकमेकांत मिसळलेले.

भाची : आणि जगाला माहीत आहे ती ‘किंकाळी’!

मामा : ते आपलं पाहणं झालं. चित्रकारानं दोन्ही दिलं होतं.

भाची : बरं, आता फोटोकडे येते. कॅमेऱ्याला तर सगळंच दिसतं, तरी तिथेही तेच झालं. डोरोथिया लँगचा तो प्रसिद्ध फोटो. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक थंडीनं गेलेलं, शेंगा तोडायला आलेले हजारो मजूर अडकून पडलेले. तंबूत एक आई, हनुवटीशी हात, दोन्ही खांद्यांवर पाठमोरी पोरं, मांडीवर तान्हं. लँगनं तिथे लागोपाठ काही फोटो घेतले. आधीच्या फोटोंत तंबू आहे, सामान आहे, मोठी मुलगी आहे. ती जवळ जवळ जात राहिली आणि शेवटच्या फोटोत फक्त चेहरे उरले. तो गाजला.

मामा : आणि त्यानं काम केलं हे विसरू नकोस. वर्तमानपत्रात ते फोटो छापून आले आणि सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे नऊ टन अन्न पाठवलं. माणसांच्या पोटात गेलं ते.

भाची : गेलं, पण तिच्या नाही. अन्न येईपर्यंत ती पोराबाळांना घेऊन पुढे निघून गेली होती. त्यांची गाडी बिघडली होती आणि घरचे पुरुष ती दुरुस्त करायला गावात गेले होते, म्हणून ती तिथे थांबलेली होती. लँगनं लिहिलं की यांनी गाडीचे टायर विकून खाल्ले. घरचे म्हणाले, टायर विकले असते तर तिथून निघालो कसे असतो? ती हताश होऊन बसली नव्हती, मामा. पुढच्या कामावर जायला निघाली होती. आणि तिचं नाव कुणी विचारलंच नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ साली कळलं. तोवर ती चाळीसेक वर्षं नुसती ‘स्थलांतरित आई’ होती. तो फोटो काढायलाच नको होता, आपल्याला त्यातून दमडी मिळाली नाही, असं ती म्हणाली.

मामा : १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी लोकांना हाक घातली आणि देशभरातून हजारो डॉलर आले. ते त्या फोटोमुळेच आले.

भाची : नाव कळल्यावर आले. तुम्ही माझ्याच बाजूचं सांगताय.

मामा : तुझ्या बाजूचं आणखी एक सांगतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. सावकार खोटा कागद करून जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत मजूर होतो. आवाज नसलेला सिनेमा, पण चिंता कशाची आहे ते शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळावं, कारण तो कागद कथेच्या मध्यावर ठेवला होता.

भाची : आणि आज? जून कोरडा गेला की आपल्या वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला. भेगाळलेली जमीन, डोक्याला हात लावून आभाळाकडे बघणारा शेतकरी. खाली लिहिलेलं, ‘बळीराजा चिंतेत’. त्याचं नाव नाही, गाव नाही, बियाण्याला किती गेले ते नाही, सोसायटीचं कर्ज किती ते नाही. खरं तर त्या दिवसांत तो आभाळाकडे बघत बसलेला नसतो. दुबार पेरणीसाठी उसनं बियाणं मिळतंय का ते दहा दारी विचारत असतो. त्याची बायको मंगळसूत्र काढून देत असते. चिंतेचा कागद गेला आणि बैठक राहिली.

मामा : हे मला मान्य आहे. असा फोटो आळसाचा आहे. पण त्यामुळे कलेवर राग धरू नकोस, कारण ज्यांच्या वाट्याला चिंता आली त्यांनीच केलेली कला आपल्याकडे आहे. जात्यावरच्या ओव्या. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतायत आणि तोंडानं गातायत. भाऊ बऱ्याच दिवसांत आला नाही, लेकीला सासरी काय सोसावं लागत असेल, पाऊस लांबलाय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानं त्या लोकांसमोर आणल्या. हात कामात, ओठांवर घोर आणि समोर ऐकणारी दुसरी बाई. तुला हवं ते सगळं तिथे आहे.

भाची : आणि गाणारीनं स्वतःचं नावही ओवीत गुंफलेलं असतं, किंवा भावाचं, लेकीचं. कुणाची चिंता, कुणाला, कशापायी, हे एका ओवीत उरकतं. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पीठ सोपं झालं ते चांगलंच झालं, दळणाचे कष्ट मी पुन्हा कुणावर लादणार नाही. पण समोर बसून ऐकणारी बाई गेली, तिच्या जागी आपण कुणाला बसवलं?

मामा : तुला बसवलं. दाराबाहेर ‘जेवले का ते’ या प्रश्नाला तू काय उत्तर द्यायचीस?

भाची : किती वाजता किती दूध दिलं ते सांगायचे. रोज. तिला तेवढंच हवं असायचं.

मामा : मग आपला वाद मिटण्यासारखा आहे. चिंतेचं चित्र नुसत्या चेहऱ्यावर उभं राहत नाही, हे मी तुझ्याकडून घेतो. त्यात कारण दिसलं पाहिजे आणि दुसरं माणूस दिसलं पाहिजे, मग ते मनगट धरून बसलेलं असो की पाठ फिरवून चाललेलं असो. अजिंठ्याच्या चित्रकारानं ते केलं, कालिदासानं केलं, मुंकनंही केलं. जिथे ते नाही तिथे कलाकुसर कितीही असो, काम अर्धं राहिलंय.

भाची : आणि न काढलेली चिंता कुणाला दिसत नाही, हे मी तुमच्याकडून घेते. पण पाहणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. पुढच्या पावसाळ्यात डोक्याला हात लावलेल्या शेतकऱ्याचा फोटो छापून आला आणि खाली त्याचं नाव, गाव, कर्जाचा आकडा नसेल, तर संपादकांना पत्र लिहून विचारा. आणि तुमच्या घरात, शेजारी कुणी चिंतेत असेल तर ‘काळजी करू नकोस’ म्हणून उठून जाऊ नका. कशाची चिंता आहे ते विचारा आणि त्यातलं एक काम आजच आपल्या हातात घ्या.